आदिवासी सहकाऱ्यांच्या हाती कारभार: संस्था आणि कंपन्यांनी काय बदलायचे

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, गडचिरोलीत ३९ टक्क्यांच्या आसपास, आणि नाशिकमध्ये जवळपास चौथा हिस्सा. या भागांत चालणाऱ्या संस्था, रुग्णालये, कारखाने यांची पगारपत्रके खालून वर वाचत गेलात तर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. पाड्यावर जाणारे, यंत्रावर उभे राहणारे, वजन-उंची मोजणारे आदिवासी असतात. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांत ते थोडे असतात. धनादेशावर सही करणाऱ्यांत बहुधा नसतात.

यावर सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे ‘नेतृत्व विकास प्रशिक्षण’. तीन दिवसांचे शिबिर होते, प्रमाणपत्र मिळते आणि सोमवारी माणूस त्याच खुर्चीत परत बसतो. गावाचा निवाडा करणारी, चाळीस घरांना एका निर्णयावर आणणारी माणसे या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बदलायची आहे ती कामाची जागा: बैठक, भरती, बढती, रजा आणि खर्चाचे अधिकार. महाराष्ट्रातल्या संस्था आणि कंपन्यांसाठी त्याच क्रमाने इथे मांडले आहे.

आधी मोजणी, आणि तीही पदांनुसार

‘आमच्याकडे ६० टक्के कर्मचारी आदिवासी आहेत’ या वाक्यातून काहीच कळत नाही. एका कागदावर चार ओळी आखा. पहिली कंत्राटी आणि रोजंदारीची, दुसरी कायम पण पाड्यावरच्या किंवा यंत्रावरच्या कामाची, तिसरी पर्यवेक्षकांची. चौथी ओळ फक्त त्यांची, ज्यांना माणूस नेमण्याचा, खर्च मंजूर करण्याचा किंवा काम थांबवण्याचा अधिकार आहे. प्रत्येक ओळीपुढे एकूण किती, त्यांत आदिवासी किती, आदिवासी स्त्रिया किती, गेल्या तीन वर्षांत बढती कोणाला मिळाली आणि सोडून कोण गेले, हे लिहा. तुलना जिल्ह्याच्या लोकसंख्येशी करा. राज्याच्या ९.३५ टक्क्यांशी तुलना केली तर नंदुरबारमधले कुठलेही कार्यालय उगाच उजळ दिसते.

कारखान्यांत पहिल्या ओळीकडे जास्त लक्ष द्यावे लागते. औद्योगिक वसाहतींत बरेच आदिवासी कामगार ठेकेदाराच्या नावावर असतात, त्यामुळे मनुष्यबळ विभागाच्या यादीत ते येतच नाहीत आणि बढतीची कुठलीही योजना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ठेकेदाराकडे बारा महिने काम केलेल्यांना थेट भरतीत पहिली संधी, हा एक नियम लेखी झाल्याशिवाय पुढचे काहीही त्यांना लागू होणार नाही.

‘आदिवासी’ असा एकच रकाना ठेवू नका. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. महादेव कोळी किंवा कोकणा समाजातली बरीच मुले दोन पिढ्यांपूर्वीच शाळेत आणि नोकरीत आली. कातकऱ्यांच्या अनेक वाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे अजून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. एकाच रकान्यात पहिल्यांची प्रगती दुसऱ्यांची अनुपस्थिती झाकून टाकते.

माहिती स्वेच्छेने द्यायची असावी. आडनावावरून अंदाज बांधू नका, कारण तीच आडनावे अनेक समाजांत असतात. आरक्षित पद नसेल तर या मोजणीसाठी जातीचा दाखला मागायचा नाही. गटात पाचपेक्षा कमी माणसे असतील तर जमातनिहाय आकडा अहवालात छापू नका. तो आकडा म्हणजे त्या माणसाचे नावच असते.

नेतृत्व ओळखायला नजर लागते

मुलाखतीत जो भराभर बोलतो, स्वतःच्या यशाचे आकडे सांगतो, वरिष्ठांच्या डोळ्यांत बघून वाद घालतो, त्याला बहुतेक मूल्यमापन-पत्रके ‘नेतृत्वगुण’ देतात. अनेक आदिवासी गावांत हेच वागणे उथळ समजतात. तिथे मान असतो तो सगळ्यांचे ऐकून शेवटी बोलणाऱ्याला, आणि ज्याच्या शब्दावर माणसे दुसऱ्या दिवशी खरोखर कामाला येतात त्याला. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांत पाटील, पुजारा, डाया यांची, माडिया गावांत गायता आणि पेरमा यांची, म्हणजे गावातल्या पारंपरिक पदांवरच्या माणसांची कामे वाटलेली असतात. वारल्यांमध्ये लग्न लावते ती धवलेरी, एक स्त्री. नेतृत्व एकाच माणसात गोळा न करता कामानुसार वाटायची ही सवय आहे. ‘टीम लीडर’ नावाच्या एकाच खुर्चीत ती बसत नाही.

या परंपरेचे सगळेच काही उचलावे असे नाही. अनेक ठिकाणच्या जुन्या पंचांत बायकांना बसता येत नाही, आणि ती बाजू कार्यालयात आणायचे काहीच कारण नाही.

ओळखण्याची रीत साधी आहे. सहा आठवडे घ्या. गटातल्या प्रत्येकाला वेगवेगळे बसवून तीन प्रश्न विचारा: काम अडले की तुम्ही आधी कोणाकडे जाता? दोघांत भांडण झाले तर कोण मिटवते? साहेबांना वाईट बातमी सांगायची असेल तर कोणाला पुढे करता? उत्तरांत जी दोन-तीन नावे परत परत येतील ती मूल्यमापन-पत्रकावरच्या वरच्या नावांशी ताडून पाहा. नावे जुळली नाहीत तर तुमचे पत्रक चुकीची गोष्ट मोजते आहे, ते बदला.

शिक्षणाच्या अटीबद्दलही इथेच बोलायला हवे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाण्यांचा संग्रह, त्याची पारख आणि बायकांचे गट उभे करणे या कामासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ‘किमान पात्रता: कृषी पदवी’ असे लिहिलेल्या जाहिरातीतून त्या पहिल्याच चाळणीत बाहेर पडल्या असत्या. कायद्याने लागते ती पात्रता ठेवा, नर्स नर्सच हवी. बाकी प्रत्येक अटीपुढे ‘ही नसेल तर नेमके कोणते काम अडेल?’ असा प्रश्न लिहा. उत्तर सापडले नाही तर अट काढा. इंग्रजी, स्वतःची दुचाकी आणि ‘नामांकित संस्थेतला अनुभव’ या तीन अटी बहुधा अशा निघतात.

भरती: कुठे, कधी, कशी

जाहिरात संकेतस्थळावर टाकून थांबू नका. तालुक्याच्या आठवडी बाजारात, ग्रामसभेच्या फलकावर, आश्रमशाळांत, आयटीआयमध्ये आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात ती लावा. मजकूर मराठीत, एका पानात, पगाराचा आकडा स्पष्ट. ‘पगार पात्रतेनुसार’ असे लिहिले की ज्याला घासाघीस जमते त्याला जास्त मिळते आणि ज्याला संकोच वाटतो तो पहिल्या दिवसापासून मागे राहतो.

वेळ बघा. जून-जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी असते, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात तेंदूपत्ता. या दिवसांत मुलाखती ठेवल्या तर घरची जबाबदारी असलेली माणसे येणार नाहीत, आणि तुम्हाला हवी असतात तीच.

मुलाखत तालुक्याच्या गावी घ्या, येण्याजाण्याचे भाडे त्याच दिवशी रोख द्या. मंडळात संस्थेबाहेरचा एक तरी जाणता आदिवासी सदस्य हवा. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. बहुतेक मुलाखतकार तीन सेकंदांत प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतात किंवा उत्तर स्वतःच सुचवतात, आणि उमेदवाराला ‘बोलता येत नाही’ असा शेरा मिळतो. तोंडी प्रश्नांऐवजी अर्धा दिवस प्रत्यक्ष काम द्या: एक पाडा, एक अडचण, दोन सहकारी, आणि शेवटी काय ठरले ते सांगायचे. सांगताना भिली, गोंडी, कोरकू, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत सांगू द्या, दुभाष्या तुम्ही आणा.

एकेकट्याला नेमू नका. वीस जणांच्या कार्यालयात एकटा आदिवासी अधिकारी ‘सगळ्या आदिवासींचे मत काय?’ या प्रश्नाला उत्तरे देत थकतो आणि दीड-दोन वर्षांत निघून जातो. एका वेळी किमान तिघे, आणि त्यांत किमान एक स्त्री.

शासकीय आणि अनुदानित ठिकाणी राज्याच्या सेवेत अनुसूचित जमातींना सर्वसाधारणपणे ७ टक्के आरक्षण आहे, केंद्राच्या सेवेत ७.५ टक्के. तिथे नेतृत्वाच्या आड येणारी गोष्ट फार कोरडी आहे: जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीने दिलेले प्रमाणपत्र. ते नसेल तर सेवा आणि बढती दोन्ही टांगणीला लागतात. आस्थापना शाखेने रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात पडताळणी समितीकडे प्रस्ताव पाठवावा आणि पोच कर्मचाऱ्याच्या हातात द्यावी. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे सगळ्यात वजनदार ठरतात: आजोबा-पणजोबांचा शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला उतारा, कोतवाल बुकातील किंवा गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली उतारे. ज्यांच्या घरात शाळेत जाणारी पहिली पिढीच आत्ताची आहे त्यांच्याकडे शाळेचा पुरावा नसतोच, म्हणून महसुली नोंदी शोधायला त्यांना तालुक्याला जाण्यासाठी पगारी दोन-तीन दिवस द्या.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खोट्या दाखल्यांवर राखीव जागा अडवल्या गेल्याचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगदीश बहिरा प्रकरणात असे लाभ टिकवता येणार नाहीत असा निर्णय दिला. त्यानंतर राज्याने दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या, जादा) पदांवर वर्ग करण्याचा मार्ग काढला. अशा रीतीने मोकळी झालेली राखीव पदे तुमच्या कार्यालयात खरोखर भरली गेली का, हे आस्थापना प्रमुखाने तपासायलाच हवे.

बैठक बदला, निम्मे काम इथेच होते

डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत आदिवासी नेते जयपाल सिंह मुंडा यांनी सांगितले होते की आदिवासींना लोकशाही शिकवता येणार नाही, ती त्यांच्याकडून शिकावी लागेल. ती प्रत्यक्षात कशी चालते हे बघायला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. देवाजी तोफा यांच्या पिढीने तिथली ग्रामसभा घडवली. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. या कारभाराच्या मागे दोन पद्धती आहेत. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. आणि अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी: अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, उलटसुलट बोलायचे, पण ठरवायचे काहीच नाही. ठरवणार फक्त ग्रामसभा.

ही पद्धत कार्यालयात जशीच्या तशी आणता येते, आणि आदिवासी सहकाऱ्यांच्या बोलण्यावर तिच्याइतका परिणाम करणारे दुसरे काही नाही.

महत्त्वाच्या प्रत्येक विषयाच्या दोन बैठका ठेवा. पहिली समजून घेण्याची, तिच्या इतिवृत्तात निर्णय लिहायला बंदी. दुसरी ठरवण्याची, किमान तीन आणि शक्यतो सात दिवसांनी. मधल्या दिवसांत माणसे आपल्या भाषेत, आपल्या लोकांत, जेवताना, गाडीवर जाताना त्यावर बोलतात. एकाच बैठकीत समजवणे आणि ठरवणे उरकले की आधीच सगळे माहीत असलेले दोघे-तिघेच ठरवतात.

विषयपत्रिका तीन दिवस आधी, मराठीत, पाचपेक्षा जास्त विषय न ठेवता द्या. गटात जी भाषा चालते तिच्यात तीन-चार मिनिटांचा आवाजी संदेश करून व्हॉट्सअॅपवर पाठवा. बैठकीत विषय मांडून झाला की तिघातिघांचे गट करून पंधरा मिनिटे द्या. गट भाषेनुसार पडले तर पडू द्या. मग प्रत्येक गटातून एकाने मांडायचे, सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून, प्रमुख सगळ्यात शेवटी. प्रमुखाने आधी मत दिले की बैठक तिथेच संपते, मग पुढचे दोन तास कितीही चर्चा होवो. सारांशही प्रमुखाने करू नये, दर वेळी वेगळ्याने करावा.

‘सगळ्यांना पटले ना?’ हा प्रश्न टाळा. वरिष्ठांपुढे मान हलते ती बहुधा ‘ऐकले’ एवढ्यापुरती. त्याऐवजी विचारा: ‘हे करायला घेतले तर कुठे अडेल?’ अडचण सांगणे म्हणजे साहेबांना विरोध करणे राहत नाही, ते कामाचा भाग होते, म्हणून या प्रश्नावर तोंडे उघडतात.

एकाचा जरी आक्षेप असला तरी तो त्याच्या शब्दांत नोंदवा आणि निर्णय पुढच्या बैठकीवर टाका. इथे हमखास भीती वाटते की काम ठप्प होईल. म्हणून सुरुवातीलाच यादी करा की कोणते निर्णय सहमतीने होतील (कामाचे वाटप, नव्या गावांची निवड, सुट्ट्यांचे वेळापत्रक, गटप्रमुखाची निवड, वार्षिक अंदाजपत्रक) आणि कोणते प्रमुख एकटा तत्काळ घेईल (अपघात, आजारपण, कायदेशीर मुदत). एकच विषय तीन बैठकांत अडला तर दोन्ही बाजूंच्या एकेकाला मिळून नवा पर्याय आणायला सांगा. सहमतीला सुरुवातीला वेळ लागतो. अंमलबजावणीत तो परत मिळतो, कारण ठरलेले काम मागे लागून करून घ्यावे लागत नाही.

शेवटी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या.

पैशाचा अधिकार पहिल्या वर्षापासून

जबाबदारी दिली आणि खर्चासाठी मात्र दर वेळी वर विचारायला लावले, तर त्या माणसाला गावात आणि गटात कोणी गंभीरपणे घेत नाही. पदांबरोबर रक्कमही चढत गेली पाहिजे. मध्यम आकाराच्या संस्थेसाठी साधारण हे प्रमाण चालते: पहिल्या सहा महिन्यांनंतर महिन्याला पाच हजार रुपयांपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय खर्च, फक्त पावती आणि दोन ओळींचे कारण. दीड वर्षानंतर पंचवीस हजार, आणि एका छोट्या उपक्रमाचे संपूर्ण अंदाजपत्रक. तीन वर्षांनंतर बँक खात्यावर संयुक्त सही आणि दोन-तीन माणसे नेमण्याचा अधिकार. रकमा तुमच्या उलाढालीप्रमाणे बदला, टप्पे आणि मुदती मात्र लेखी, सगळ्यांना दिसतील अशा लावा.

हे बिघडते ते दोन ठिकाणी. हिशेबनीसाला विश्वासात घेतले नाही तर तो प्रत्येक पावतीला खोट काढतो आणि माणूस अधिकार वापरणेच सोडून देतो. म्हणून पहिले तीन महिने हिशेबनीसाने आठवड्यातून एक तास त्याच्या शेजारी बसून पावत्या लावायच्या, हे हिशेबनीसाच्या कामाच्या यादीत लिहा. दुसरे, पहिली चूक झाली की अधिकार काढून घेतला जातो. पाच हजारांत झालेली चूक हा शिकण्याचा खर्च आहे. ती लिहून ठेवा, बोला, अधिकार तसाच ठेवा. अफरातफर वेगळी, तिचे नियम सगळ्यांना सारखे.

‘समाजाशी संपर्क’ या खोलीतून बाहेर

आदिवासी कर्मचारी भाषा जाणतो, गाव जाणतो, म्हणून त्याला वर्षानुवर्षे प्रेरक, समन्वयक, संपर्क अधिकारी याच पदांवर ठेवतात. त्या कामातून वरची वाट निघत नाही, कारण संस्थेचा कणा हिशेब, खरेदी, मनुष्यबळ आणि निधी देणाऱ्यांशी पत्रव्यवहार या चार टेबलांवर असतो. पाच वर्षांत प्रत्येकाला यांतल्या किमान दोन टेबलांवर सहा-सहा महिने पूर्णवेळ बसवा. ‘अधूनमधून मदत’ चालणार नाही. जागा भरून निघायला गावाच्या कामावर दुसरा माणूस नेमावा लागेल, त्याची तरतूद आधी करा, नाहीतर तिसऱ्याच आठवड्यात त्याला परत पाड्यावर पाठवाल.

इंग्रजी ही खरी भिंत आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी पाडावी लागते. एका बाजूने कार्यालयीन वेळेत रोज पंचेचाळीस मिनिटे. व्याकरणाचे पुस्तक नको, संस्थेत त्या आठवड्यात आलेली खरी पत्रे, देयके आणि अहवाल घ्या. वर्षभरात वाचता येते, दुसऱ्या वर्षी लिहिता येते. दुसऱ्या बाजूने अंतर्गत कामकाज पूर्ण मराठीत आणा: धोरणे, पगारपत्रक, मंडळाची टिपणे. निधी देणाऱ्यांना इंग्रजीच हवी असेल तर भाषांतराचा खर्च प्रकल्पात दाखवा.

भाषांतर, पाहुण्यांना गाव दाखवणे, नव्या माणसांना रीतिरिवाज समजावणे हे काम आदिवासी सहकाऱ्यांकडून फुकट करून घेतले जाते. त्याचे तास मोजा आणि मोबदला द्या. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन साजरा करायचा असेल तर त्यांनाच विचारा काय करायचे आणि तेवढा निधी त्यांच्या हाती द्या. पोशाख घालून नाचायला सांगणे आणि त्याचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापणे बंद करा.

पाठीशी दोन माणसे

वर चढणाऱ्या प्रत्येक आदिवासी सहकाऱ्यामागे दोघे हवेत. एक मार्गदर्शक, शक्यतो संस्थेबाहेरचा, त्याच किंवा शेजारच्या समाजातला, अशा वाटेवरून आधी गेलेला. निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेतले अधिकारी, आदिवासी विकास विभागातले कोणी. महिन्यातून एक तास, मानधन देऊन, आणि तिथे काय बोलणे झाले ते संस्थेने विचारायचे नाही.

दुसरा पुरस्कर्ता, संस्थेतला वरिष्ठ. त्याचे काम सल्ला देणे नाही. बढतीच्या बैठकीत नाव काढणे, मोठ्या बैठकीला सोबत नेणे, तिथे स्वतः गप्प बसून त्याला मांडू देणे, आणि कोणी त्याचे श्रेय घेतले तर तिथल्या तिथे दुरुस्त करणे, एवढेच. वर्षाअखेर पुरस्कर्त्याचे मूल्यमापन यावरही व्हावे. नाहीतर नाते आश्रयदात्याचे होते आणि वर चढणारा माणूस आयुष्यभर ‘साहेबांचा माणूस’ म्हणून ओळखला जातो.

रजा, घर आणि गाव

सुट्ट्यांच्या यादीतून पाच दिवस मोकळे ठेवा, जे ज्याने त्याने आपल्या सणाला घ्यावेत. सातपुड्यात भोंगऱ्या (होळीआधीचे जत्रेसारखे बाजार) आणि होळीचे चार-पाच दिवस कार्यालय उघडे ठेवून काही उपयोग नसतो. गुजरातच्या डांग जिल्ह्याला लागून असलेल्या पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाला बसणारी माणसे काही दिवस व्रत पाळतात, घरीसुद्धा राहत नाहीत. हे दिवस वार्षिक नियोजनात आधीच लिहा, म्हणजे ‘न सांगता गैरहजर’ असा शेरा कोणाच्या पुस्तकात पडणार नाही. आवणीसाठी बिनपगारी दहा दिवस मागितले तर द्या. शेती राहिली तरच तो माणूस गावात उभा राहू शकतो, आणि त्याचे नेतृत्व तिथूनच येते.

बढती म्हणजे पुण्या-मुंबईला बदली, हे समीकरणच बरेच जण ‘नको’ म्हणण्याचे कारण असते, विशेषतः स्त्रिया. वरिष्ठ पद तालुक्याच्या गावी का असू शकत नाही, याचे खरे उत्तर शोधा. शहरात यावेच लागणार असेल तर आधी दोन महिन्यांची राहण्याची सोय संस्थेने करावी आणि भाडेकरार संस्थेच्या नावावर करावा, कारण जात विचारून घर नाकारणारे घरमालक आहेत.

स्थानिक माणूस वर असण्याचा फरक निर्णयात दिसतो. शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या भिल्ल कुटुंबातून आलेले डॉ. राजेंद्र भारुड नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना २०२० मध्येच, दुसरी लाट येण्याआधी, जिल्ह्यात ऑक्सिजन प्रकल्प उभे राहू लागले होते.

अपमान

‘कोट्यातून आलाय’, ‘जंगलातून आलाय’, मोहाच्या दारूवरचे विनोद, उच्चारांची नक्कल. अशा गोष्टींकडे दुर्लक्ष झाले तर वरच्या सगळ्या योजना व्यर्थ जातात. तिघांची समिती नेमा, त्यांत एक संस्थेबाहेरची आदिवासी स्त्री असावी. तक्रार तोंडीही चालेल, कोणत्याही भाषेत चालेल. ४८ तासांत दोघांचे ऐकायचे, पंधरा दिवसांत लेखी निर्णय, आणि तोवर बदली करायची झाली तर तक्रारदाराची नको. लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी जाणीवपूर्वक केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पोलिसांत जायचे की नाही हे तक्रारदार ठरवेल. ‘घरातले भांडण घरात मिटवू’ असा दबाव टाकणाऱ्या वरिष्ठावर कारवाईची तरतूद लिहून ठेवा.

जे आदिवासी कर्मचाऱ्याकडून कधीच मागायचे नाही

खाण, रस्ता, प्रकल्प, जमीन अशा कोणत्याही विषयावर गावाची संमती मिळवायला त्या गावच्या किंवा समाजाच्या कर्मचाऱ्याला पुढे करू नका. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने आणि वनजमिनीबाबत २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. कंपनीने ग्रामसभेपुढे आपल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत जावे. कर्मचाऱ्याला दलाल केले की तो दोन्हीकडून जातो: गाव त्याला आपले मानत नाही आणि कंपनीला त्याचा उपयोग संपलेला असतो. ‘अशा कामास नकार दिल्यास प्रतिकूल शेरा मारला जाणार नाही’ हे वाक्य नेमणूकपत्रातच घाला.

मंडळ आणि शेवटची खुर्ची

विश्वस्त किंवा संचालक मंडळात एक आदिवासी सदस्य शोभेचा होतो, तीन झाले की बैठक बदलते. टिपणे मराठीत आणि दहा दिवस आधी द्या. बैठकीचे मानधन बुडणाऱ्या मजुरीपेक्षा कमी नको, आणि प्रवासखर्च आधी द्या. बैठका वर्षातून दोनदा तरी कामाच्या तालुक्यात घ्या.

दर सहा महिन्यांनी सुरुवातीचा चार ओळींचा कागद पुन्हा भरा. सोबत आणखी तीन गोष्टी तपासा: गेल्या सहा बैठकांच्या इतिवृत्तांत कोणाचे प्रस्ताव मंजूर झाले, एकूण खर्चापैकी किती रकमेवर आदिवासी सहकाऱ्यांची सही होती, आणि सोडून गेलेल्यांनी काय सांगितले. सोडून जाणाऱ्याशी बाहेरच्या माणसाने, त्याच्या भाषेत, गेल्यावर महिन्याभराने बोलावे. शेवटच्या दिवशी कोणी खरे कारण सांगत नाही.

आणि प्रमुखाने आपल्या जाण्याची तारीख ठरवावी. साधारण चोवीस महिने आधी. पहिल्या सहा महिन्यांत दोन-तीन संभाव्य उत्तराधिकारी सर्वसहमतीने निवडावेत, पुढचे वर्षभर निधी देणाऱ्यांच्या, सरकारी कार्यालयांच्या आणि बँकेच्या प्रत्येक भेटीला त्यांना पुढे बसवावे. शेवटच्या सहा महिन्यांत नव्या प्रमुखाने कारभार चालवावा आणि जुन्याने फक्त विचारले तर सांगावे. खात्यावरच्या सह्या, धर्मादाय आयुक्त किंवा कंपनी निबंधकाकडचे नोंदीतले बदल, निधी देणाऱ्यांना नव्या प्रमुखाच्या सहीचे पत्र, हे सगळे जाण्याच्या तारखेआधी पूर्ण करावे. त्यानंतरचे सहा महिने जुन्या प्रमुखाने ‘सल्लागार’ म्हणूनही कार्यालयात बसू नये आणि जुन्या ओळखीने आलेले फोन नव्या प्रमुखाकडे वळवावेत.